झेंडा मोठा की माणूस?

घरच्यांच्या हट्टापायी मेडिकलला गेलेला एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनचं (जन्म १८७२) तेच झालं. आईसाठी तो डॉक्टरी शिकत होता. १८९३मध्ये ती गेली आणि एकविसाव्या वर्षी पठ्ठ्याने कॉलेजला रामराम ठोकून समुद्र गाठला.

१९०३मध्ये सहा साथीदार घेऊन तो छोट्याशा ‘योआ’ जहाजातून निघाला. कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा ‘नॉर्थवेस्ट पॅसेज’ तोवर कुठल्याच जहाजाने पार केला नव्हता. त्याला तीन वर्षं लागली. मुक्कामात तो तिथल्या इनुइट लोकांकडून कातड्याचे कपडे वापरायला आणि कुत्र्यांच्या स्लेज हाकायला शिकला. ही शिकवणी कामी आली. १४ डिसेंबर १९११ला दक्षिण ध्रुवावर पहिला झेंडा लागला तो नॉर्वेचा. ब्रिटनचा स्कॉट महिनाभर उशिरा पोचला. परतताना तो आणि त्याचे चारही साथीदार दगावले.

१९२६मध्ये अमुंडसेन, अमेरिकेचा एल्सवर्थ आणि इटलीचा नोबिले एअरशिपमधून उत्तर ध्रुवावर पोचले. वरून तिघांनी आपापले झेंडे टाकले. इटलीचा झेंडा मोठा, म्हणून अमुंडसेन बिनसला. पुढे श्रेयावरून नोबिलेशी जाहीर भांडणच झालं.

आज तुम्हाला हे पोरकट वाटेल. पण २००७मध्ये रशियाने उत्तर ध्रुवाखाली, चार किलोमीटरहून खोल समुद्रतळावर आपला झेंडा रोवलाच की! बर्फ वितळतंय, तसं खालच्या तेल-वायूवर आणि मोकळ्या होणाऱ्या सागरी वाटांवर सगळ्यांचा डोळा आहे. अमुंडसेनने तीन वर्षं झगडून पार केलेली वाट २०१६मध्ये एका आलिशान क्रूझने महिनाभरात पार केली. कॅनडा म्हणतो, हे आमचं अंतर्गत पाणी. अमेरिका म्हणते, ही आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी. कॅनडाच्या दाव्याचा एक आधार कोण, माहितेय? पिढ्यान्‌पिढ्या त्या बर्फावर वावरणारे इनुइट. म्हणजे अमुंडसेनचे गुरुजीच!

आपणही तिकडे आहोत. ती एअरशिप स्वालबार्डमधल्या ज्या न्यू-ऑलेसुंड गावातून उडाली, तिथेच २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून.

आणि अमुंडसेन? १९२८च्या मेमध्ये नोबिलेची दुसरी एअरशिप बर्फावर कोसळली. जूनमध्ये अमुंडसेन भांडण विसरून विमानाने त्याच्या शोधात निघाला. नोबिले वाचला. अमुंडसेन परतलाच नाही.

झेंड्याचं माप काढणारा अमुंडसेन लक्षात ठेवायचा की हा, ते तुम्हीच ठरवा.