एक्स्प्लेनर : ‘पॅप’ चाचणीतले ‘पॅप’ कोण? आणि एचआयव्ही असलेल्या महिलांना उपचारानंतरही तपासणी का लागते?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ‘पॅप स्मिअर’ चाचणी अनेकींना ऐकून माहीत असते. त्यातलं ‘पॅप’ हे एका माणसाचं नाव आहे : डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ.

जन्म १३ मे १८८३, ग्रीसमधल्या किमी गावात. वडील डॉक्टर. अथेन्समध्ये वैद्यकीय शिक्षण, म्युनिकमध्ये पीएचडी. १९१३ मध्ये ते पत्नी अँड्रोमाकीसह न्यूयॉर्कला आले. खिशात पैसे नव्हते. त्यांनी काही काळ दुकानात गालिचे विकले, पत्नीने कपड्यांना बटणं शिवली. मग कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये काम मिळालं.

तिथे ते गिनीपिगच्या योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. हेच माणसावर करायचं ठरलं, तेव्हा पहिले नमुने पत्नीने दिले. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. शिवाय त्याच प्रयोगशाळेत ती कामही करत होती. चाचणीला नाव मात्र नवऱ्याचं लागलं!

१९२८ मध्ये त्यांनी या पद्धतीने कॅन्सर ओळखता येतो हे मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. बायोप्सी असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा तज्ज्ञांचा सूर होता. १९४१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा शोधनिबंध आला आणि चित्र बदललं. कॅन्सर होण्याआधीच बिघडलेल्या पेशी पकडता येऊ लागल्या. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचं निधन झालं.

एचआयव्हीची साथ त्यांनी पाहिली नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो एचपीव्ही या विषाणूमुळे. बहुतेक महिलांचं शरीर तो स्वतःच हटवतं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती घटली की तो मुक्काम ठोकतो. अशा महिलांमध्ये या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो.

कॅन्सरपूर्व भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढतात. पण त्यात बिघडलेला भाग जातो, विषाणू जाईलच असं नाही. म्हणून एचआयव्ही असलेल्या महिलांमध्ये तो बिघाड उलटण्याचं प्रमाण जास्त आहे. एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्याने धोका कमी होतो, संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार उपचारानंतर १२ महिन्यांनी तपासणी करायची. ती निर्दोष आली तरी आणखी १२ महिन्यांनी पुन्हा. त्यानंतरच तीन ते पाच वर्षांचं नेहमीचं अंतर.

गोंडपिपरी तालुक्यात खरी अडचण इथेच येते. तारीख मे महिन्यात आली तर तेंदूपत्त्याचा हंगाम, जुलैत आली तर धानाची रोवणी. दुखत-खुपत काहीच नसताना मजुरी बुडवून कोण जाणार? कॅन्सरपूर्व अवस्थेत सहसा लक्षणंच नसतात. एआरटीच्या गोळ्यांसाठी मात्र फेरी ठरलेली असते. उपचार झालेल्या महिलेने त्याच फेरीत पुढच्या तपासणीची तारीख विचारून कार्डावर लिहून घ्यावी.