विल्यम जेम्स : मनाचे दुखणे जाणणारा मानसशास्त्रज्ञ

अमेरिकन मानसशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे विल्यम जेम्स ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मले. १८६९ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले, पण त्याच सुमारास त्यांना नैराश्याने घेरले. १८७० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ रनूव्हिए यांचे लेखन वाचून, माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे मानूनच जगायचे, हा निश्चय त्यांनी केला. पूर्ण सावरायला मात्र बराच काळ गेला.

पुढे ते हार्वर्डमध्येच मानसशास्त्र शिकवू लागले. दोन वर्षांत देण्याचे कबूल केलेल्या पाठ्यपुस्तकाला बारा वर्षे लागली. १८९० मध्ये त्याचे दोन खंड निघाले. सवय, लक्ष, स्मृती, भावना हे विषय त्यात आहेत.

१९०२ च्या एका पुस्तकात त्यांनी भीतीच्या भयंकर झटक्याचे वर्णन दिले, ते एका फ्रेंच माणसाचे म्हणून. प्रत्यक्षात अनुभव त्यांचा स्वतःचाच होता. एवढ्या मोठ्या प्राध्यापकांनीही तो आपल्या नावाने सांगितला नाही.

क्लिफर्ड बीअर्स या तरुणाने मात्र मनोरुग्णालयात भोगलेले हाल १९०८ मध्ये स्वतःच्या नावाने छापले. जेम्स यांनी त्या पुस्तकाला पाठिंब्याचे पत्र दिले. १९०९ मध्ये बीअर्स यांनी मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापली, तिलाही जेम्स यांची साथ होती. २६ ऑगस्ट १९१० रोजी जेम्स वारले.

आपण रक्तदाब, मधुमेह चारचौघांत सांगतो. मनाचे दुखणेही घरात तसेच मोकळेपणाने बोलले जावे, असे आम्हाला वाटते.