गुरुवारचं टेबल

घरी फोन नाही, खिशात मोबाइल नाही. पण दर गुरुवारी दुपारी हा माणूस कुठं सापडेल, हे अख्ख्या मुंबईतल्या कवी-चित्रकारांना माहीत होतं. हॉटेलातल्या एका टेबलावर मित्रांसोबत बसून शहर वाचणाऱ्या अरुण कोलटकरांची गोष्ट.

देवगिरी एक्स्प्रेस रात्री परभणी सोडते आणि सकाळी आपण डोळे चोळत सीएसएमटीला उतरतो. कुणाचा इंटरव्ह्यू असतो, कुणाची परीक्षा, कुणाचं मंत्रालयात अडकलेलं काम. पाठीवर सॅक आणि पोटात कावळे. स्टेशनबाहेर पडून हुतात्मा चौकाच्या दिशेनं चालायला लागलं की वीसेक मिनिटांत काळा घोडा येतो. एका बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, दुसऱ्या बाजूला डेव्हिड ससून लायब्ररी. इथं काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा होता. तो १९६५ साली हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. २०१७ साली तिथं नवा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर आता राजा नाही.

याच चौकात ‘वेसाइड इन’ नावाचं एक जुनं हॉटेल होतं. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, इंग्रजी वळणाचं, पारशी चवीचं जेवण आणि रस्त्याकडं बघणारी खिडकी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं येऊन लिहीत बसायचे, असं जुने मुंबईकर सांगतात. आणि पुढं कैक वर्षं दर गुरुवारी दुपारी इथं मिशा-दाढी राखलेला, लांब केसांचा, कमी बोलणारा एक माणूस येऊन बसायचा. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पहिल्या रांगेत बसणारा कवी.

कोल्हापूरचा पोरगा

अरुण बालकृष्ण कोलटकर मूळचा कोल्हापूरचा. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. घर एकत्र कुटुंबाचं, माणसांनी भरलेलं, दर आठवड्याला शेणानं सारवायच्या जमिनींचं. शाळा राजाराम हायस्कूल, मराठी माध्यम. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसारखीच सुरुवात. इंग्रजीत जगभर गाजलेला हा कवी कॉन्व्हेंटमधला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९४९ साली मॅट्रिक झाल्यावर घरात खटका उडाला. पोराला चित्रकार व्हायचं होतं आणि वडिलांना ते मान्य नव्हतं. त्यानं ऐकलं नाही. बालमित्र बाबुराव सडवेलकर चित्रकलेच्याच वाटेवर होता. अरुणही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. पण ती डिप्लोमाची वाट सरळ नव्हती. मधे खंड पडले आणि डिप्लोमा हातात यायला १९५७ साल उजाडलं.

तेवढ्यात १९५३ साली त्यानं लग्न केलं. दर्शन छाब्डा ही चित्रकार बाळ छाब्डांची बहीण. दोन्ही घरांचा विरोध होता, आणि त्याचं एक साधं कारण म्हणजे नवऱ्या मुलाचं एकही चित्र अजून विकलं गेलं नव्हतं. पुढची काही वर्षं ओढाताणीची गेली. मालाडला बिऱ्हाड, हाती कधी काम असायचं, कधी नसायचं.

आपल्याकडं म्हणतात, बनी तो बनी नहीं तो परभणी. म्हणजे नाही जमलं तर परत यायला गाव आहे. अरुणनं घरच्यांशी वाकडं घेऊन मुंबई धरली होती, त्यामुळं परतीचा दोर जवळजवळ कापलेलाच होता. खिशात काही नाही म्हणून मुंबई सोडून पायी निघालेल्या आणि वाटेत गावोगाव मिळेल ते खात जाणाऱ्या माणसावर त्यानं पुढं एक मराठी कविता लिहिली. ती वाचताना कळतं, की लिहिणाऱ्याला भूक ऐकून नाही, अंगानं माहीत होती.

एक चहा, चार खुर्च्या

अशा पोरांना त्या काळी आधार होता तो इराण्याचा. इराणमधून आलेल्या झोरास्ट्रियन कुटुंबांनी मुंबईत नाक्यानाक्यावर ही हॉटेलं थाटली होती. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला आरसे, काचेच्या बरणीत खारी-बिस्किटं. बन मस्का, ब्रून मस्का आणि पानी कम चाय. कमी पैशात पोट भरायचं आणि वर बसायला जागा मिळायची. बसणाऱ्यांवर वचक म्हणून भिंतीवर सूचनांच्या पाट्याही असायच्या. जास्त वेळ बसू नका, मोठ्यानं बोलू नका, केस विंचरू नका. निस्सीम इझिकेल या इंग्रजी कवीनं तर अशा पाट्यांचीच कविता केली. पाट्या असोत, पोरं बसायचीच.

पन्नास-साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकांची जी लाट आली, तिच्या बऱ्याच गप्पा अशाच टेबलांवर झाल्या. दिलीप चित्रे आणि मित्रांनी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक काढलं, त्यात कोलटकरही होते. इराण्याचं हॉटेल त्यांच्या कवितेतही आलं, भिंतीवरचा इराणचा शहा आणि काचेआडचा केक यांच्यासकट. मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत त्यांनी एक कविता लिहिली. तिच्यात पगारासाठी मॅनेजरशी वाजवणारा टपोरी भेटतो. इंग्रजीत स्वतःच तिचा अनुवाद करताना त्यांनी नाव दिलं, ‘थ्री कप्स ऑफ टी’. पुस्तकी मराठी, कोल्हापुरी मराठी, बंबइया हिंदी, अमेरिकन सिनेमातलं इंग्रजी, सगळं एका टेबलावर. इराण्याकडं गिऱ्हाईकं बसायची तसंच.

पुढं दिवस पालटले. जाहिरात क्षेत्रात कोलटकर नावाजलेले ग्राफिक डिझायनर झाले. त्या धंद्यातला मानाचा कॅग पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. कवितेच्या बाजूलाही तसंच. धाकटा भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्याबरोबर ते जेजुरीला गेले होते. त्या फेरीतून उगवलेलं ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६ साली आलं आणि १९७७ साली त्याला कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. त्याच साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रहही आला.

इथून पुढं माणूस काय करतो? मुलाखती, समारंभ, वर्षाला एक पुस्तक. कोलटकरांनी यातलं काहीच केलं नाही. पुढची पंचवीसेक वर्षं ते लिहीत राहिले, पण पुस्तकांची घाई केली नाही. प्रभादेवीला एका खोलीचं घर होतं. तिथं फोन घेतला नाही. ज्याला भेटायचंय त्यानं गुरुवारी वेसाइड इनला यावं, एवढा साधा हिशेब.

दर गुरुवारी

त्या टेबलाचे नेहमीचे गडी म्हणजे प्रकाशक-संपादक अशोक शहाणे, कवी रघू दंडवते, रत्नाकर सोहोनी. कधी इंग्रजी कवी आदिल जस्सावाला. बाहेरगावचा कुणी कवी मुंबईत आला की तोही पत्ता न विचारता इथं पोहोचायचा. या टेबलाला अध्यक्ष नव्हता, अजेंडा नव्हता, सभासद फी नव्हती. खायचं, चहा घ्यायचा, बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

आता हे टेबल नुसतं गप्पांचं होतं असं कुणी म्हणेल, तर पुस्तकांकडं बघावं. शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशन’नं कोलटकरांची पुस्तकं काढली, आणि तीही कोलटकरांना हवी तशी. बाड कधी द्यायचं, मांडणी कशी करायची, सगळं कवीच्या मनाप्रमाणं. पंचवीस वर्षं पुस्तकासाठी थांबणारा प्रकाशक बाजारात मिळत नाही. तो टेबलावर मिळतो.

खिडकीतून दिसलेला नाश्ता

कोलटकर आत बसून जेवायचे, पण डोळे बाहेर असायचे. समोर चौकातलं तिकोनी ट्रॅफिक आयलंड. आपण सिग्नलला थांबतो तेव्हा नजर चुकवतो, अशी सगळी मंडळी तिथं राहायची. कचरा झाडणाऱ्या बाया, फुटपाथवर संसार मांडलेली कुटुंबं, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या पोरी, भटकी कुत्री, कावळे.

ऐंशीच्या दशकात कोलटकरांनी त्यांच्यावर इंग्रजीत लिहायला घेतलं आणि सुमारे वीस वर्षं ते लिहीत राहिले. तेच पुस्तक ‘काळा घोडा पोएम्स’. त्यात बटाटे सोलणारे आहेत. उंदराचं औषध विकणाऱ्याची जेवणाची सुट्टी आहे. आणि मधोमध ‘ब्रेकफास्ट टाइम अॅट काळा घोडा’ ही एकतीस तुकड्यांची लांबलचक कविता.

खाण्याची आवड असणाऱ्यानं ही कविता वाचलीच पाहिजे. सकाळच्या वेळी जगात कुठं कोण काय खातंय, इथपासून ती फिरत फिरत मुंबईत येते आणि एकेका हॉटेलाची हजेरी घेते. कुलाब्याचं ऑलिंपिया आणि कैलाश पर्बत, निहारीसाठी नाव असलेलं नूर मोहम्मदी, ब्रून मस्क्याचं मिलिटरी कॅफे. आणि हो, आपलं वेसाइड इनही. इराणी, मोगलाई, सिंधी, उडुपी, साहेबी, अख्ख्या शहराचं मेन्यूकार्डच. आज आपण फूड ब्लॉगवर बघतो ती यादी या माणसानं आधीच करून ठेवली होती.

पण यादी करून ते थांबले नाहीत. खरी मेजवानी येते ती ट्रॅफिक आयलंडवर. एक बाई डबाभर गरम इडल्या घेऊन येते आणि बघता बघता चौकात हॉटेल उभं राहतं. भिंती नाहीत, खुर्च्या नाहीत, वेटर नाही. आजूबाजूचे सगळे उपाशी जीव चहूबाजूंनी गोळा होतात. म्हातारे, पोरं, तुरुंगातून सुटलेले, दारू न उतरलेले. थोड्या वेळात इडल्या संपतात, डबा उचलला जातो आणि तिथं हॉटेल होतं याची खूणही राहत नाही. ज्यांना कुठल्याच हॉटेलात कुणी बसू देणार नाही, त्यांची ही जंगी पार्टी. कोलटकरांनी ती राजाच्या पंगतीच्या थाटात लिहिली. दया दाखवली नाही, उपदेश केला नाही, फक्त नीट बघितलं.

काचेच्या आत बसलेला माणूस आणि काचेबाहेरचा माणूस यांच्यात अंतर असतं. ते अंतर कोलटकरांनाही पार करता आलं नसेल, पण त्यांनी काचेकडं पाठ केली नाही. मालाडच्या दिवसांत ते स्वतः काचेच्या कुठल्या बाजूला होते, हे ते विसरले नव्हते, असं कविता वाचताना वाटत राहतं.

टेबल हललं, माणसं राहिली

नव्या शतकाच्या सुरुवातीला वेसाइड इन बंद झालं. त्या जागी चकचकीत रेस्तराँ आलं. गुरुवारची मंडळी मग फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत बसायला लागली. जागा बदलली, वार तोच.

त्याच सुमारास कोलटकरांना पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. मग मित्रांनी घाई केली. साठवून ठेवलेलं सगळं धडाधड बाहेर आलं. २००३ साली ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’, २००४च्या जुलैत ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’. आयुष्यभर ज्यांनी घाई केली नाही त्यांची पुस्तकं मित्रांनी वेळेत त्यांच्या हातात ठेवली. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी मिळाला तो २००५ साली, ते नसताना.

आपलं टेबल

आपणही ग्रुपनं बाहेर जेवायला जातो. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेले तर मेसच्या भाजीला कंटाळून रविवारी नवं हॉटेल शोधतातच. रील बघून जागा ठरते, ताट आलं की आधी फोटो, मग बिल जीपेवर वाटून घ्यायचं. मजा येते, त्यात वाईट काही नाही. पुढच्या वेळी नवी जागा, आणि ग्रुपमधली दोन माणसंही नवी.

कोलटकरांचं उलटं होतं. शहरभरच्या हॉटेलांची त्यांना खडान् खडा माहिती होती, पण बसायला त्यांनी एक टेबल धरलं, एक वार धरला आणि तीच माणसं धरली. त्यातून पुस्तकं निघाली, आणि शेवटच्या आजारात उभी राहिली तीही तीच माणसं.

परभणीत काय, स्टेशन रोडवर चहाच्या टपऱ्या आहेत, विद्यापीठाच्या गेटबाहेर कट्टे आहेत. एखादी जागा आणि एखादा वार आपलाही ठरू शकतो. तिथं बसल्यावर समोर कपबशा विसळणारं पोरगं कोण आहे, ते कुठल्या गावाहून आलंय, सकाळी त्यानं काही खाल्लंय का, एवढं जरी बघितलं तरी गुरुवार सार्थकी लागला म्हणायचा.