रेचेल कार्सन
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. चरित्र लिहायचे ठरले तेव्हा एका अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंचे नाव सुचेल असे मलाही वाटले नव्हते. त्याला कारण माझे काका. ते यवतमाळकडे कापूस पिकवीत. २०१७ च्या पावसाळ्याअखेर पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन त्यांनी तीन दिवस फवारणी केली आणि चौथ्या दिवशी त्यांना नीट दिसेनासे झाले. त्या हंगामात जिल्ह्यात २० हून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने दगावली. काका वाचले. आता ते माहीमला आमच्या खोलीत असतात. चहाचा कप अजून दोन्ही हातांनी धरतात.

हे असे का होते ते शोधताना रेचेल कार्सन भेटल्या.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल गावी झाला. घरची ओढाताण; मुलीच्या फीसाठी आईने चिनी मातीची भांडी विकली. (माझ्या आईने काय मोडले ते येथे लिहीत नाही.) लेखिका होण्यासाठी त्यांनी कॉलेजात इंग्रजी घेतले आणि मध्येच त्या जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ साली प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या, पण पैशांअभावी डॉक्टरेट सुटली. पुढे वडील वारले, बहीण गेली, तिच्या दोन मुली यांच्या पदरी आल्या. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी करून उरल्या वेळात त्या समुद्राविषयी लिहीत.

१९६२ साली त्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' आले. त्यातले पक्षी सर्वांना आठवतात. मला मात्र मज्जातंतूंविषयीची पाने महत्त्वाची वाटली. एका मज्जातंतूकडून पुढे निरोप न्यायला ॲसिटिलकोलीन हे द्रव्य लागते. निरोप पोचताच कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम ते नष्ट करते, नाहीतर निरोप थांबणारच नाही. पॅराथिऑनसारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हे एन्झाइमच निकामी करतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास कोंडतो. विष कातडीतूनही आत शिरते. किडीचे आणि माणसाचे मज्जातंतू या बाबतीत सारखेच, हे वाचून मी पुस्तक मिटले. काकांना ॲट्रोपीनची इंजेक्शने का दिली तेही तेव्हाच कळले.

पुस्तकावर कारखानदार तुटून पडले. सर्व औषधे बंद करा असे बाईंनी म्हटलेच नव्हते. तारतम्य नसलेल्या फवारणीला त्यांचा विरोध होता. स्तनाच्या कर्करोगाने त्या आतून खचत होत्या आणि ते लोकांपासून लपवीत होत्या. त्याही स्थितीत जून १९६३ मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या वारल्या. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. पण त्या जागी फॉस्फरसची विषे अधिकच वापरात आली. ते पाहायला बाई नव्हत्या.

परवा गल्लीत डास मारायचा धूर सोडला तेव्हा काका तोंडाला पंचा लावून आत आले. बाईंनी मजुरांबद्दल काही लिहिले आहे का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना कॅलिफोर्नियाच्या मजुरांची हकीकत सांगितली. पॅराथिऑन मारलेल्या बागेत संत्री तोडताना ते आजारी पडले होते. फवारणीला किती दिवस झाले होते, एवढेच काकांनी विचारले. अडीच आठवडे, मी म्हणालो.