चिंचोक्यांची मूठ

अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर मी मास्तरकी सुरू केली, तेव्हाची ही गोष्ट. आजचा आमचा अहिल्यानगर जिल्हा तेव्हा अहमदनगर होता. एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन वर्गात येई. तो रडे, साऱ्यांचे लक्ष उडे. एके दिवशी मी तिला भावासकट घरी पाठवले. ती पुन्हा आली नाही.

काही वर्षांनी ताराबाई मोडकांचे चरित्र हाती पडले आणि माझी चूक मला उमगली.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. राजकोटच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांना मनोमन पटली होती. पण तिची महागडी साधने खेड्यांना कुठून परवडावीत? १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा शिंपले, बिया, खडे, काड्या, पाने हीच त्यांची साधने झाली. फुकटची, म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी! एरवी वर्गात चार हुशार मुलेच उत्तरे देतात. मुठीत बिया आल्या की गप्प बसणारे मूलही मांडू लागते, मोजू लागते.

आदिवासी पाड्यांवरची मुले मात्र शाळेत येईनात. ताराबाईंनी त्यांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी ती कुरणातही भरली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकटा पाळण्यात, ताई पाटीपाशी. इतके सोपे होते ते!

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. दोन वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला.

चरित्र मिटून मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे लग्न होऊन गेले होते. त्या वर्षापासून माझ्या शाळेच्या ओसरीवर तान्ह्यांसाठी गोधडी अंथरलेली असे आणि वर्गात प्रत्येकाला मूठभर चिंचोके मिळत.

पहिलीत तेव्हा तिचा तोच भाऊ दाखल झाला. त्याच्या ओंजळीत चिंचोके घालताना माझी मान खाली होती.