आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप

पेशवाईतले घोड्यावरचे वीर आपल्याला पाठ असतात, समुद्रावरचे मात्र चटकन आठवत नाहीत. त्यांपैकी एक मोठे नाव म्हणजे विजयदुर्गचे आनंदराव धुळप. सिल्वासात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर ते माहीत असायलाच हवे, कारण आपल्या या मुलखाचे भवितव्य एका जहाजाने ठरवले.

धुळप हे जावळीच्या मोऱ्यांच्या वंशातले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. घरच्या भांडणात घरचेच बळ गेले. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात किल्ला पेशव्यांना मिळाला, पण आरमार नव्याने उभे करायचे होते. ते काम धुळपांकडे आले. पुढे आनंदराव आरमाराचे सुभेदार झाले.

त्या आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या तोफांची. गलबत हलके, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या तोफा जिथे वळत नाहीत, त्या बाजूने गाठायचे, मारा करून त्याचे शीड-डोलकाठी निकामी करायची आणि मग चहूबाजूंनी भिडून वर चढायचे, अशी ही लढाई. जहाजांच्या डागडुजीसाठी गिर्ये गावाजवळ खडक फोडून केलेली गोदी आजही पाहता येते.

१७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ या युद्धनौकेचे मोठे नुकसान केले. त्याची भरपाई पोर्तुगीज मागत राहिले. इकडे इंग्रजांशी युद्ध सुरू असल्याने पेशवे दरबाराला पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. म्हणून १७७९ च्या तहात त्यांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. ती गावे नगर हवेलीची.

८ एप्रिल १७८३ रोजी आनंदरावांनी रत्नागिरीजवळ ‘रेंजर’ हे बारा तोफांचे इंग्रजी जहाज घेरले. घनघोर लढाईनंतर ते हाती आले. जहाजावरचा कर्नल हंबरस्टन पुढे जखमांनी मरण पावला. साल्बाईचा तह झालेला असल्याने इंग्रजांनी या लढाईबद्दल मोठी तक्रार केली, पण मराठी आरमाराची जरब मात्र त्यांना पुन्हा कळली. आणि दोनच महिन्यांनी, १० जूनला, पोर्तुगीजांनी नगर हवेलीचा ताबा घेतला. समुद्रावर जिंकलेल्या लढाईची किंमत जमिनीवर मोजावी लागली. सिल्वासा मुक्त झाले ते २ ऑगस्ट १९५४ रोजी, म्हणजे १७१ वर्षांनी.

१८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांकडे गेला आणि हे आरमारही संपले. मुंबईत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जपून ठेवले आहे. आनंदरावांची एकही गुराब मात्र आपल्याकडे उरली नाही. लाकूड कुजते, पण त्याची आठवण आपल्या हातात आहे. मुलांना घेऊन कोकणात जाल तेव्हा किल्ला बघून परत फिरू नका. गिर्येची गोदीही दाखवा आणि सांगा, की आपल्या सिल्वासाच्या गोष्टीचा एक धागा इथल्या खाडीत आहे.