सरखेल कान्होजी आंग्रे : चाचा की दर्याराजा?



उत्तर युरोपातल्या व्हायकिंग लोकांची चित्रे तुम्ही पुस्तकांतून आणि टीव्हीवर पाहिली असतील. लांब निमुळत्या होड्या, दाढीवाले खलाशी, हातात कुऱ्हाडी. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. ही लूट ज्यांनी भोगली ते मठवासी लिहिणारे होते. लुटणाऱ्यांकडे मात्र दगडावर कोरलेल्या त्रोटक ओळींपलीकडे फारसे लेखन नव्हते. त्यामुळे जगाला व्हायकिंग कळले ते त्यांच्या शत्रूंच्या लेखणीतून. वर्षाचा बराच काळ शेती करणारे, थोर देवाला भजणारे, मोठ्या माणसाला कधीकधी होडीसकट पुरणारे आणि इ. स. १००० च्या सुमारास लेफ एरिक्सनच्या मागून थेट अमेरिकेचा किनारा गाठणारे हे लोक होते. पण ही ओळख व्हायला शेकडो वर्षे जावी लागली. न्यू फाउंडलंड बेटावर त्यांच्या घरांचे अवशेष सापडले तेच मुळी १९६० साली.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही एक माणूस असाच शत्रूंच्या लेखणीत सापडला. इंग्रजांनी त्याला चाचा म्हटले. पोर्तुगीज आणि डचांचे मतही वेगळे नव्हते. मराठी राज्याच्या कागदांत मात्र तो सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य आहे. या अंकात आम्ही त्या कान्होजी आंग्रे यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. त्यांचे बालपण हर्णै जवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले, म्हणजे पाळण्यातून उतरले ते जवळजवळ समुद्रातच. औरंगजेबाच्या स्वारीच्या धामधुमीत जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला आणि किल्लेदाराचे मन डळमळू लागले. तरुण कान्होजींनी किल्लेदारालाच कैद करून किल्ला हाती घेतला. बाहेर पडून सिद्दीवर हल्ला चढवताना ते पकडले गेले, पण निसटून पोहत पुन्हा किल्ल्यात आले आणि पावसाळा येईपर्यंत किल्ला लढवला, असे सांगतात. वरिष्ठाला कैद करणे ही शिस्त नव्हे, असे कोणी म्हणेल. पण किल्ला वाचला हेही खरे. पुढे सिधोजी गुजरांच्या मागून, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली.

आता हे आरमार कसे होते ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. त्यात मुख्य जहाजे दोन जातींची, गुराब आणि गलबत. गुराब मोठे. दोन डोलकाठ्यांचे साधारण दीडशे टनांचे, तीन डोलकाठ्यांचे तीनशे टनांपर्यंत. तळ उथळ, आणि पुढचा भाग लांब निमुळता व बुटका. समोरच्या दोन मोठ्या तोफा या निमुळत्या भागावरून सरळ पुढे मारा करीत. गलबत लहान, क्वचितच सत्तर टनांपेक्षा मोठे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज जागच्या जागी खिळून राही. मग गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरखंडांनी ओढून नेत आणि शत्रूच्या पाठीमागे, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे नेऊन उभी करीत. आधी शिडे आणि डोलकाठ्या फोडायच्या, जहाज लुळे पडले की चारी बाजूंनी दोन-तीनशे माणसे तलवारी घेऊन वर चढायची. उथळ तळामुळे ही जहाजे खाडीत शिरून दिसेनाशी होत आणि पाठलाग करणारा वाळूत रुतायच्या भीतीने तोंडाशीच थांबे. व्हायकिंगांच्या होड्याही अशाच उथळ असत आणि नद्यांतून आत शिरत. दोघांमध्ये हजारो मैलांचे आणि कित्येक शतकांचे अंतर, पण पाण्याने दोघांना एकच गोष्ट शिकवली.

जहाजांवरची माणसे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी अशा दर्यावर्दी समाजांतली. आपल्या महालातल्या मुलांना ही नावे नवी नाहीत. त्यांचे वर्ष पावसाने आखून दिलेले असे. मृग लागला की दर्या बंद. जहाजे खाडीत आत आणून ठेवायची, फळ्यांच्या सांधी कापसाने बुजवायच्या, राळ आणि तेल चोपडायचे, काथ्याची दोरखंडे वळायची, शिडे शिवायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच वल्ह्याला हात लागे. आज तेरेखोल, केरी किंवा मोरजीच्या मच्छिमाराला विचारा, तोही आपले वर्ष साधारण असेच मोजतो. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी होती. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि डागडुजी करायची. हे करणारे सुतार आणि लोहार कोण होते, त्यांची नावे इतिहासात नाहीत. आम्हाला याचे नेहमी वाईट वाटते.

लढाई कशावरून होती? मुख्यतः परवान्यावरून. समुद्र आपला, असे पोर्तुगीज दोनशे वर्षे म्हणत आले होते. त्यांचा परवाना, म्हणजे करताझ, नसेल ते जहाज ते पकडीत. मग छत्रपतींच्या राज्याचा किनारा असताना सरखेलाचा परवाना का नको? कान्होजींनी दस्तक सुरू केले. ज्याने पैसे भरून ते घेतले त्याने सुखाने जावे, ज्याने घेतले नाही त्याचे जहाज जप्त. इंग्रज म्हणत, आम्ही का भरावे? आणि आपल्या झेंड्याखाली इतर व्यापाऱ्यांचा मालही बिनदस्तक नेऊ पाहत. एकच काम पोर्तुगिजांनी केले तर तो कायदा आणि कान्होजींनी केले तर ती चाचेगिरी, हा न्याय आम्हाला पटत नाही. पेडणे महाल तेव्हा वाडीच्या सावंतांकडे होता (पोर्तुगिजांकडे तो १७८८ साली गेला) आणि इंग्रजांनी सावंतांच्या होड्यांनाही चाचेच ठरवले होते. ते सावंत आणि आंग्रे एकमेकांचे मित्र होते असे मात्र समजू नका. कान्होजी गेल्यावर, १७३० मध्ये, सावंतांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशीच तह केला.

कान्होजींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७१२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या माणसांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे जहाज पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख चाउन आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन होती. लढाईत चाउन मारला गेला. कॅथरिन कुलाब्याला कैदेत राहिली आणि पुढच्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये दंड घेऊन तिला सोडले. त्या काळी कैद्यांचे पैसे सगळेच घेत, इंग्रजही. तरी नुकत्याच विधवा झालेल्या मुलीची किंमत ठरवली गेली, ही गोष्ट आम्हाला वाचताना बोचते. कान्होजींवर प्रेम असले तरी ती गाळून चरित्र लिहू नये.

राज्यातही तेव्हा दुफळी होती. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या भांडणात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले! अखेर बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. १७१३-१४ च्या सुमारास तह झाला. कान्होजी शाहूंकडे आले आणि सरखेली व किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. जे तलवारीने झाले नाही ते समजुतीने झाले. बाळाजींचे हे काम पुढच्या कितीतरी लढायांपेक्षा मोठे, असे आमचे मत आहे.

१७१७ पासून पुढची चार-पाच वर्षे इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर एकामागून एक मोहिमा काढल्या. सगळ्या फसल्या. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः चौलला आला. इंग्लंडच्या राजाची चार जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. लक्ष्य होते अलिबागचा कुलाबा किल्ला. हल्ला फसला, पोर्तुगिजांची फौज मागे हटली, आणि संतापलेला मॅथ्यूज पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात छडी खुपसायला धावला, असे त्या मोहिमेतल्या एका इंग्रजानेच लिहून ठेवले आहे. तोवर बाजीराव पेशव्यांची फौज येऊन पोचली होती. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह करून टाकला. पुढे १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले आणि तेही हात हलवीत परतले.

समुद्रावर कोणाला न नमणारे कान्होजी एका माणसापुढे मात्र नमत. ते म्हणजे चिपळूणजवळच्या परशुरामक्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी. त्यांची आणखी एक मोठी श्रद्धा अशी की स्वामींना आंग्रे, सिद्दी आणि पेशवे सगळेच मानीत. अंजनवेलच्या सिद्दी सातासाठी स्वामींनी सावनूरच्या नवाबाकडून एक हत्ती आणवला. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवला. सिद्दीला वाटले, स्वामींनीच दगा दिला. १७२७ च्या महाशिवरात्रीला त्याने परशुरामाच्या देवळावर हल्ला करून लुटालूट केली. कान्होजींनी हत्ती परत पाठवला, लुटलेली मालमत्ता परत मिळावी म्हणून खटपट केली, स्वामींची विनवणीही केली. पण दुखावलेले स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला निघून गेले. तोफांनी जे किल्ले कोणाला जिंकता आले नाहीत त्यांच्या धन्याला एका हत्तीने असे हरवले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी अलिबागला वारले. पावसाळा होता, जहाजे खाडीत होती. मागे सहा मुलगे, आणि काही वर्षांतच त्यांच्यात वाटण्यांवरून भांडणे. कुलाबा एकाचा आणि विजयदुर्ग दुसऱ्याचा झाला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनात, तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. जे इंग्रजांना कान्होजींच्या हयातीत एकट्याने साधले नाही ते मराठ्यांच्याच हाताने साधले गेले.

भारतीय नौदलाने १९५१ साली मुंबईतल्या आपल्या तळाला आय. एन. एस. आंग्रे हे नाव दिले. मुंबईजवळचे खांदेरी बेट १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते, आणि तिथले १८६७ सालचे दीपगृह मुंबईत शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवते.

शाळेची सहल कधी अलिबागला गेली तर गावातली कान्होजींची समाधी पाहावी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. मात्र भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि लहान मुलांना वाळूत रेंगाळू देऊ नये.